डब्यामागचा बांध

बक्स्टन, ओक्लाहोमा
२२ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय डार्ला,

तुला आणि जोसीला भरपूर आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. माझं अक्षर लागतंय का बघ. तुझी आई असती तर तिनेच लिहिलं असतं आणि मी खाली नुसती सही ठोकली असती.

इकडे गव्हाची पेरणी सुरू झाली आहे. वारा असा सुटलाय की अंगणातली खुर्ची दोनदा हार्लनच्या कुंपणाला जाऊन टेकली. हार्लन म्हणतो, तिलाही तुझ्यापेक्षा शेजाऱ्याची संगत बरी वाटते. भेंडी अजून येतेच आहे. तळून खातो, पण एकट्याला लागते किती? गुडघा बरा आहे. जोसीच्या खडूंचा डबा इथेच राहिलाय, तो सोबत पाठवतो. पिवळा खडू काही सापडला नाही.

असं मी पानभर लिहू शकतो. काल लिहिलं आणि फाडलं.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी रस्त्यात एका बाईशी थोडी बोलाचाली झाली, असं मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, जोसी वेगळंच सांगतेय, आणि खरं काय ते कळेपर्यंत ती तुमच्या गाडीत बसणार नाही. मी उलटा तुझ्यावरच चिडलो. सहा वर्षांच्या पोरीवर भरवसा आणि बापावर नाही, असं काहीबाही बोललो. डार्ला, पोरीने जे पाहिलं ते तिने सांगितलं. तिने सगळं पाहिलं नव्हतं, एवढंच.

जोसीला घेऊन मी तळ्यावरून येत होतो. पुढे एक फिकट निळी जुनी गाडी रांगत चालली होती. मी हॉर्न वाजवला, दोन मैल वाजवत राहिलो. तिच्यापुढे नांगरणीचं यंत्र चाललं होतं, ते मला दिसत नव्हतं. त्या बाईने खिडकीतून हात वर केला. जरा दम धरा, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं, चिडवतेय. तुझी आई गेल्यापासून मला राग कशाचाही येतो, न उघडणाऱ्या बरणीचासुद्धा. ही सबब नाही, पण तुला माहीत असावं.

मी गाडी पुढे काढून आडवी घातली. तिला थांबावंच लागलं. उतरताना दोन सीटांमधला कप्पा उघडला आणि पिस्तूल हातात घेतलं.

हे वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

ते मी तिच्यावर रोखलं नाही, मांडीला लावून धरलं होतं. पण त्याने काय फरक पडतो? त्या बाईने काच खाली केली, दोन्ही हात उचलून पंजे मला दाखवले आणि मग स्टिअरिंगवर ठेवले. पांढरे केस, चेहरा शांत. म्हणाली, "चूक माझीच. माफ करा मला." मी काहीतरी ओरडलो आणि जिंकल्याच्या तोऱ्यात गाडीत येऊन बसलो. जोसी पट्टा सोडून, सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती. मला विचारते, "आजोबा, त्या आजी आपल्या ओळखीच्या आहेत का? त्यांनी हात केला. मीपण केला."

गेल्या सोमवारी मी त्या बाईला शोधून काढलं. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो असं तुला वाटायला नको. तू जोसीला दूर ठेवलंस म्हणून गेलो. गोड बोलून माफी मागायची आणि 'काही विशेष झालं नव्हतं' असा तिच्याकडून तुला फोन करवून घ्यायचा, हा माझा डाव. काचेवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेली निळी गाडी गावात एकच. ओपल रेन्फ्रो, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं शाळकरी मुलांना बंदूक सुरक्षित कशी हाताळायची ते शिकवलं तिने. हे मला हार्लनने सांगितलं.

तिने दार उघडलं, मला ओळखलं आणि आधी म्हणाली, "हात दिसू देत." मी दाखवले. मग आत बोलावून थंड चहा दिला. ती ओट्याकडे वळली तेव्हा सदरा जरा वर सरकला. कमरेच्या पट्ट्याला पिस्तूल होतं. मी विचारलं, त्या दिवशीही होतं का? म्हणाली, "चाळीस वर्षं असतं."

मी विचारलं, मग काढलं का नाही? समोरून हत्यार घेऊन माणूस येतोय. कायदाही तुमच्याच बाजूने उभा राहिला असता.

"कायद्याचं सोडा हो," ती म्हणाली. "तुम्ही चालत येत होता आणि तुमच्या मागे काचेत एक पोर मला हात करत होतं. माझा नेम चुकला असता तर? नसता चुकला तरी, तिने काय बघायचं?"

पुढे ती म्हणाली, "हे कमरेला लावून घराबाहेर पडलं की त्या दिवसाची सगळी भांडणं आपण आधीच हरलेलो असतो. मला सवय आहे. माझा नवरा म्हणायचा, बाहेर हरतेस ते सगळं घरात वसूल करतेस."

ती हसली. मला रडू फुटलं, खरं सांगतो.

तुला आठवतं? तू नऊ वर्षांची होतीस. मातीच्या बांधासमोर पीचचे रिकामे डबे मांडून मी तुला शिकवत होतो. 'डबा बघू नकोस, डब्यामागचा बांध बघ, नेम चुकला तर गोळी तिकडेच जाते,' असं शंभरदा सांगितलं असेल. एकदा अर्ध्या मैलावर हार्लनची गाय दिसली म्हणून तुझ्या हातातून बंदूक काढून घेतली होती. आठवडाभर बोलली नाहीस माझ्याशी. गाईला एवढा जपणारा मी, आणि माझ्या मागे माझी नात आहे हे मला आठवलं नाही. आठवलं ते एका परक्या बाईला, तेही माझ्या हातात पिस्तूल दिसत असताना. इतकी वर्षं दर रविवारी चर्चमध्ये बसतोय, पण गुडघे टेकावेसे वाटले ते त्या स्वयंपाकघरात. मृत्यू समोर चालत येतोय आणि ही बाई दुसऱ्याच्या पोरीचा विचार करतेय. कुठून येत असेल एवढं बळ? सहा दिवस झाले, माझा अचंबा ओसरत नाही.

फोनचं मी काढलंच नाही. निघताना तीच म्हणाली, "माझी माफी मागून भागणार नाही. पोरीच्या आईला सगळं सांगा. आणि शेरीफकडे मी त्याच दिवशी कळवलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. उद्या तुम्ही जाता की मी जाऊ?"

मी गेलो. पिस्तूल त्यांनी तिथेच ठेवून घेतलं. दहा ऑक्टोबरला कोर्टात उभं राहायचं आहे. शिक्षा होईल ती होईल. बाकीच्या बंदुका हार्लनकडे दिल्या. तुझी आई गेली तेव्हा तो आपणहून आला होता. काही दिवस माझ्याकडे ठेवू का, दुःखात माणसाचा भरवसा नसतो, असं म्हणाला होता. मी त्याला फाटकापर्यंत हाकलत नेलं होतं. या वेळी मीच त्याच्या दारात गेलो. एक शब्द टोचून बोलला नाही. उलट कपाटाची किल्ली माझ्यासमोर बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, आता माझ्याकडे मागूनही उपयोग नाही.

जोसीला माझ्या गाडीत पाठव असं मी म्हणणार नाही. तू बरोबर होतीस, आणि तुला सगळं माहीत नसतानाही बरोबर होतीस. तुझ्या मनाला पटेल तेव्हा, नाही पटलं तर कधीच नाही. मी त्यावर वाद घालणार नाही.

फक्त तिचा एक प्रश्न माझ्याकडे राहिलाय. गाडीत मी 'गप्प बस' म्हणून टाळला होता. तिला सांग, हो, त्या आजी आता आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांनी तुला खरंच हात केला होता की नाही, ते मी विचारलं नाही. पण तुझा हात त्यांना दिसला होता.

दोन्ही हात दिसतील असे ठेवून,
तुझा बाबा
वर्लिन