गुण्याखालचा उजेड

सर, तुमच्याच टेबलावर बसून लिहून राहिलो. तुमच्या जागेवर फिटर ट्रेड आता मी शिकवतो. बाहेर उजेड म्हटलं की माणूस खूश होतो. आपल्या आयटीआयत तो शब्द ऐकला की परत कानस हातात घ्यावी लागायची. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून आणायचा, तुम्ही त्यावर काटकोन पाहायचा गुण्या टेकवून खिडकीकडे धरायचे, अन् फटीतून जरा उजेड दिसला, म्हणजे ठोकळा वाकडा, की म्हणायचे, "उजेड आहे रे. घास." अकरा दिवस मी एकच ठोकळा घासला. हाताला फोड आले, तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू! बाराव्या दिवशी तुम्ही गुण्या खाली ठेवला अन् तुमची स्वतःची कानस माझ्या हातात दिली. ती अजून ड्रॉवरात आहे.

आता आयटीआय खाजगी कंपनीकडे द्यायचं चाललं आहे. त्याआधी कंपनीनं सौसरच्या आयटीआयशी आपली शर्यत लावली: ज्याचा निकाल कमी, ते बंद. सौसरला कानशी कमी पडल्या की तुम्ही आपल्या पांढुर्ण्याहून पिशवी घेऊन बसमध्ये बसायचे. परवा मी तिथल्या सरांना ड्रिल मशीन मागितली, तर म्हणतात, "भाऊ, देली असती, पण तुमचा निकाल वाढला तं आमचं दुकान बंद होते." दुकान! माझं डोकंच फिरलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये उठून बोललो, "हा बाजार नाही, इथं पोरं हुनर शिकतात. मी संमतीच्या कागदावर सही करत नाही." केली नाही, सर. कंपनीचा साहेब हसला. "मग निकाल दाखवा," म्हणाला.

आज परीक्षा झाली. लोधीखेड्याची एक पोरगी, वर्गात सगळ्यात मेहनती, ठोकळा घेऊन येते. मी गुण्या टेकवतो, खिडकीकडे धरतो. एक नापास झाली तरी सौसर पुढं जाते अन् आपल्याला कुलूप लागते, हे मला माहीत आहे. ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली आहे.

"काहून बोलून नाही राहिले, सर? उजेड आहे का?"

"नाही," म्हटलं मी. "पास."

ती नाचतच बाहेर गेली. पुढच्या महिन्यात बोरगावच्या कारखान्यात लागेल, अन् तिथं कोणीतरी तिचं काम खिडकीकडे धरेल, त्याला मी लपवलेला उजेड दिसेल. सही न करताच मी इथं निकालाचा बाजार मांडून त्या साहेबाचं काम करून दिलं, सर.

तुमची कानस तिला द्यायचं मी कधीचं ठरवलं होतं. ड्रॉवर उघडलाही होता. पण द्यायची हिंमत झाली नाही. आता हे पत्र त्या कानशीखालीच ठेवून देतो.