बिनतिळाची भाकरी

१३ जानेवारी १९९४, भोगी. इंदापूर.

आई काटवटीत भाकरी थापायची, तो आवाज सकाळपासून कानात आहे. धप धप, शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखा ठेका. मग वरून तीळ. एकच भाकरी बिनतिळाची, आमच्या विधवा आत्यासाठी. त्या भाकरीला घरात सगळे ‘रंडकी भाकरी’ म्हणत. मीही.

आज धाकटी बहीण तारा कळंबहून जेवायला आली होती. मेहुणे जाऊन वर्षही झालं नाही. तीळ संपले म्हणून सूनबाईनं शेवटची भाकरी तशीच वाढली, आणि मी आईच्या आठवणीत रमून बोलून गेलो, "ही बघ, आपली रंडकी भाकरी!"

ती ताराच्याच ताटात होती.

"व्हय दादा, माझीच हाय ती," म्हणाली. हात धुतला आणि स्टँडवर निघून गेली.

मला तर आईच दिसत होती... पण आत्याला काय वाटत असेल? साठ वर्षांत एकदाही मनात आलं नाही. तीळ तरी किती लागले असते? चिमूटभर.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. बाहेर तारा.

"येष्टी गेली माझी."

कळंबची दुपारनंतर एकच गाडी, सहाला. घड्याळात साडेपाच. मी दार पुरतं उघडलं.