उबेचं टोक

दोलगोल, जिरी डोंगराचा पायथा
२६ ऑक्टोबर

ती. मालसुन वन्संना कुमरानचा वाकून नमस्कार.

देगूची हवा तुम्हाला मानवते आहे आणि गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आहे, हे कानावर आलं. तुम्ही पाठवलेले सुके मासे पोचले. बऱ्याचशांना डोकी नव्हती. वाटेत गळली असावीत. धडांचा रस्सा केला, चांगला झाला.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं नवल मानू नका. तुम्ही फोन करता तो तुमच्या बंधुराजांना. तो असतो त्यांच्या खिशात, आणि त्या खिशाशी सध्या माझा व्यवहार बंद आहे.

तुमचा प्रश्न एकच: घर कुठवर आलं, आणि आईंना कधी पाठवू. (हे दोन प्रश्न झाले. पण तुम्ही ते एका श्वासात विचारता, म्हणून एक धरते.)

तर घर उभं आहे. कौलं चढली, भिंतींना मातीचा शेवटचा हात देऊन झाला. वसंतापासून आम्ही दोघंच राबतो आहोत, आणि गावाला ही फुकटची करमणूक झाली आहे. शेजारचे प्योन काका रोज संध्याकाळी कुंपणाला टेकून उभे राहतात. परवा म्हणाले, "एकानं जन्मभर भूगोल शिकवला, एकीनं भिक्षुणींना संस्कृत. म्हणजे एकाला फक्त दिशा कळतात आणि एकीला मेलेली भाषा. हे घर पडत कसं नाही, याचाच मी विचार करतोय." मी म्हटलं, "काका, तुम्ही टेकला आहात म्हणून."

मोठ्या खोलीची जमीन तेवढी राहिली आहे. ती वाळते आहे. जमिनीबद्दल आज इतकंच.

जुलैची गोष्ट मात्र सांगते, कारण ती तुम्हाला ठाऊक नसावी, किंवा फारच ठाऊक असावी. आम्ही पायांनी चिखल तुडवत होतो. पेंढा कमी पडतोय का, असं मी विचारलं. तुमचे बंधुराज म्हणाले, "चुलीकडच्या टोकाला आई झोपेल. तिकडे माती जाड घालू."

मी म्हटलं, "कुठली आई?"

"आई. माझी. हिवाळ्यापासून इकडेच राहणार ना ती. तायडीशी बोलणं झालंय."

"आणि मी कुठे झोपायचं?"

"तू काय, तू कुठेही झोपतेस."

पेंढा कमी पडतोय की नाही, ते राहूनच गेलं.

वन्सं, ते खरं आहे. मी कुठेही झोपते. ही विद्या मी तुमच्याच आन्दोंगच्या घरात कमावली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही बाळंतपणाला माहेरी आला होतात. उबेच्या टोकाला तुम्ही, बाळ आणि आई, मधे मामंजी, आणि दाराशी, जिथे ऊब पोचता पोचता दमून जाते, तिथे नवी सून. उशाशी ठेवलेल्या वाटीतलं पाणी सकाळी गोठलेलं असायचं. आईंनी एकदा ती वाटी पाहिली आणि पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, "शिकलेल्या बाईला थंडी कमी वाजते." पाहुणे हसले. तुम्हीही हसलात, इतकं की बाळ दचकून उठलं.

आईंचं सामान बांधलं असेल तर सोडून ठेवा. माती कुणाच्या घाईनं वाळत नाही.

तुमची (हा शब्द तुम्हाला कितपत मंजूर आहे, कल्पना नाही)
कुमरान

* * *

दोलगोल
१९ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. "जमीन महिनाभर वाळते हे मी आयुष्यात ऐकलेलं नाही. काय ते सरळ लिही, पंडिताईनं लिहू नकोस." बरं. सरळ लिहिते. तेही वाकडंच निघेल, कारण प्रकारच तसा आहे.

तुम्ही आता इमारतीत राहता, बटण दाबलं की जमीन तापते, म्हणून आठवण करून देते. आमच्या जमिनीखाली दगडांचे पाट आहेत. एका भिंतीबाहेर चुलाण, समोरच्या भिंतीबाहेर धुराडं. आग एकीकडून आत शिरते, धूर दगडांखालून खोलीभर फिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. चुलाणाकडे पाट खोल आणि दगड जाड; पुढे पाट चढत जातो, दगड पातळ होत जातात. उबेचं टोक एक, गार टोक एक. पाया घालताना आम्ही पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या, दोन्ही भिंतींना खाली एकेक तोंड ठेवलं होतं. कुठलं चुलीचं आणि कुठलं धुराचं, ते पुढे बोलून ठरवायचं होतं.

पुढे आम्ही बोललोच नाही.

तुमच्या बंधूंनी पूर्वेकडून जमीन घालायला घेतली. पूर्वेची खिडकी दरीवर उघडते. आई तिथे झोपणार, आई तिथून ऊन बघणार. मी पश्चिमेकडून घेतली. पश्चिमेला माझ्या पुस्तकांची भिंत आहे आणि तिथे मी झोपणार होते. त्यांनी आपल्या तोंडाशी जाड दगड बसवले, मी माझ्या. आम्ही आंधळे नव्हतो, वन्सं. मला त्यांचे दगड दिसत होते, त्यांना माझे दिसत होते. मला वाटलं, हे कधीतरी थांबतील आणि विचारतील. त्यांना वाटलं असेल, ही थांबेल आणि रडेल. दोघंही सरकत सरकत मधे आलो. शेवटचा पातळ दगड त्यांनी धरला आणि मी त्याच्या कडेला माती भरली, काम मात्र सफाईचं झालं. मग तुमचे बंधू आपल्या तोंडाशी चुलाण बांधायला गेले आणि मी माझ्या.

म्हणजे घराला दोन चुलाणं झाली, आणि धुराडं एकही नाही.

भुतं सुट्टीवर असतात असा दिवस पंचांगात पाहून आग पेटवायची होती. तो दिवस दोघांनीही पाहिला होता. सकाळी मी पश्चिमेला जाळ केला, त्यांनी पूर्वेला. दोन्ही धूर जमिनीखालून एकमेकांच्या भेटीला निघाले, मधोमध भेटले, आणि आमच्यासारखेच, मागे कोणी हटेना. मग ओली माती फोडून ते खोलीच्या मध्यातून वर आले. घरातली एवढी एकच गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली असेल.

प्योन काका बादली घेऊन धावत आले. आग नाही असं पाहून बादली खाली ठेवली, दोन्ही भिंतींच्या बाहेरून एक चक्कर मारली आणि डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, हे घर नाही, बोगदा आहे. गाडी कुठल्या बाजूनं येणार तेवढं सांगा."

त्यावर आमचं जुलैनंतरचं पहिलं संभाषण झालं.

"तुझं टोक फोड," तुमचे बंधू म्हणाले.

"तुमचं फोडा."

"आई येणारे."

"येणारी ती आहे. बांधणारी मी आहे."

"पंचवीस वर्षं एक गोष्ट धरून बसलीस. एक वाटी पाणी!"

"पाणी नव्हतं ते," मी म्हटलं. "तोच तर मुद्दा आहे."

घर होईतो आम्ही शेजारी ठेवलेल्या लोखंडी कंटेनरात राहतो; ते तिकडे निघून गेले. रात्री मलाही तिथेच जावं लागतं. दुसरी जागा नाही. आत विजेची चटई आहे, तिला डावं-उजवं अशी वेगळी बटणं. ते आपली बाजू तापवतात, मी माझी. संस्कृतात दोघांसाठी म्हणून एक वेगळं वचन आहे. पुढच्या भाषांनी ते टाकून दिलं. का टाकलं असेल, हे कंटेनरात पडल्या पडल्या कळतं.

तेव्हा आता सरळ: आईंना पाठवू नका. जमीन फुटलेली आहे, ती कुणी फोडून नीट करायची हे ठरलेलं नाही, आणि मी माझं टोक सोडणार नाही. ही विनंती नाही.

कुमरान

* * *

दोलगोल
११ डिसेंबर

वन्सं,

आई पोचल्या, हे तुम्हाला टॅक्सीवाल्यानं कळवलंच असेल.

मी अंगणात किमचीचे रांजण पुरत होते. गाडी थांबली, दार उघडलं. आधी काठी आली, मग पाय, मग आई; आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं तुमचं नवं भाताचं भांडं. नव्या घरात भाताचं भांडं सगळ्यात आधी जातं आणि ते नेणारी घराची मालकीण असते, एवढं शास्त्र मलाही येतं, जरी ते संस्कृतात नसलं तरी. "मालसुन म्हणाली, भांडं मांडीवरून उतरू देऊ नकोस," आईंनी मला सांगितलं. लपवून नाही, चांगलं अभिमानानं. म्हणजे युक्ती तुमची. दाद देते.

उंबऱ्याशी येऊन त्यांनी आत पाहिलं. मधलं भगदाड पाहिलं. मग विचारलं, "उबेचं टोक कुठलं?"

तुमच्या बंधूंनी पूर्वेला बोट केलं. मी पश्चिमेला.

आई आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घर नाही बांधलंत. भांडण बांधलंत, वर कौलं घातलीत."

मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं. जड होतं, आत तांदूळ भरून पाठवलात तुम्ही. ते चौथऱ्यावर नीट ठेवलं, कंटेनरातून माझं झाकण फुटलेलं भांडं आणलं, आणि त्यांच्या देखत उंबरा ओलांडून ते आत नेलं. तुमचे बंधू आपल्या बुटांकडे बघत होते. बूट जुनेच आहेत.

"घर तुझं का?" आईंनी बाहेरूनच विचारलं.

"अर्धं. मधलं कुणाचं ते मुलाला विचारा."

"आणि चूल कोण पेटवणार? रोज?"

"मी."

"तीच," तुमचे बंधू म्हणाले. मोसमातलं पहिलं मतैक्य.

आईंनी काठीवर हनुवटी ठेवली. मग म्हणाल्या, "सॉकजू, तुझं टोक फोड."

"आई, तुझ्यासाठीच तर–"

"माझ्यासाठी? आग हिच्या हातात आणि मी आगीवर? ही मला रात्रभर भाजेल आणि सकाळी गावाला सांगेल, आईंना ऊब हवी होती. मी त्या टोकाला झोपत नाही. फोड."

तुमच्या बंधूंनी पहार उचलली आणि पूर्वेचा पहिला दगड उलटवला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन-तीन दगडांपुरता. मग ते वाकून दगड काढत राहिले आणि मी नुसती बघत राहिले, शेवटी मीही बाह्या सरसावल्या. पूर्वेच्या बाजूला पाट चढते घातले, तोंडाशी धुराडं उभं केलं. "दगड." "माती." "सरक." एवढंच बोललो. तोवर आई प्योन काकांकडे राहिल्या. आता या गावाला माझ्याबद्दल माहीत नाही असं काही उरलेलं नाही.

जमीन आता तापते. धूर पूर्वेला सरळ वर जातो. मी पश्चिमेला उबेच्या टोकाशी झोपते, तुमचे बंधुराज मधे, जिथून धूर वर आला होता तिथे, आणि आई पलीकडे, दाराशी. खिडकीतून दरी दिसते, ऊन येतं. पण रात्री दाराच्या फटीतून वाराही येतो. पांघरूण दिलं तर पायांनी सरकवून देतात. किमचीत मीठ कमी आहे, असं रोज म्हणतात आणि रोज दोनदा वाढून घेतात.

पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "न शिकलेल्या बाईलाही थंडी कमी वाजते का हो, आई?"

त्यांनी पायांनी पांघरूण सरकवल्याचं ऐकू आलं.

"वाजते," त्या म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही. तू तरी कुठे सांगितलंस?"

मधून तुमचे बंधू म्हणाले, "झोपा आता." आणि आम्ही दोघींनी त्यांना एकदमच गप्प केलं.

तेव्हा, वन्सं, मी जिंकले. पाठीखाली जमीन इतकी ऊन आहे की कूस बदलावी लागते, आणि झोप येत नाही. आईंनी उशाशी पाण्याची वाटी ठेवली आहे, दात ठेवायला म्हणतात. मी पहाटे चुलीत लाकडं सारायला उठते तेव्हा आधी ती वाटी बघते. अजून गोठलेली नाही. रोज बघते.

माझ्या लग्नात आमच्याकडून आलेली ती जाड कापसाची रजई, लाल काठाची, तुम्ही बाळंतपणानंतर देगूला घेऊन गेलात. ती परत करायची नाही, असं तुमच्या मनात असेल तर ते मनातून काढा. पहिल्या बसनं पाठवा. मला नको आहे ती. दाराशी किती गारठा असतो, हे या घरात फक्त मला ठाऊक आहे. तुम्हाला तिथे झोपायची वेळ कधी आलीच नाही.

तुमचं भाताचं भांडं सोबत परत पाठवते. तांदूळ आम्ही खाल्ला.

उबेच्या टोकावरून, जागी,
कुमरान