तुझ्या कुरणात पाणी साचत नाही

प्रिय जिभाऊ,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मोठा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, हाक मारली की दारात हजर! आता हाक पोचत नाही म्हणून लिहितेय. आणि भांडायला लिहितेय, रडायला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू मला विचारलंस, "इंदे, मी फसलो का गं त्या जमिनीत?" मी म्हटलं, "मुळीच नाही." तर तू भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालास, "माझं मन राखायला बोलतेस." अरे, मी कधी कुणाचं मन राखायला बोललेय का? साऱ्या चाळीला माझी जीभ ठाऊक आणि सख्ख्या भावाला ठाऊक नाही! पण त्या दिवशी तुला दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. परवा ते मिळालं. म्हणून आज कागद घेऊन बसले.

गुजरात वेगळं झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांत आपण खानदेश सोडून सुरतेला आलो. तू कापडाच्या मागावर कामाला लागलास, जरा बस्तान बसलं, आणि मग गावाकडची बापाची काळी जमीन विकून तू डिंडोलीच्या बाजूला हे कुरण घेतलंस. मला तर आभाळ ठेंगणं झालं! दोन म्हशी, मी आणि वहिनी, आणि सकाळी दुधासाठी तांबे घेऊन उभ्या असलेल्या चाळीतल्या बायका.

पण माय जमीन बघायला आली ती बांधावरूनच मागे फिरली. "बापाची काळी विकून वाळू घेतलीस. कुणीतरी तुला चांगलंच गंडवलं. मी ह्या बरडात पाय ठेवायची नाही." आणि नाहीच ठेवला तिनं, इतकी वर्षं! तू मान खाली घालून उभा होतास. का रे? मागावर मुकादमाशी तावातावानं भांडणारा माणूस, आईपुढे एवढा मुका कसा झालास? तिथे बोलायला हवं होतंस. तुझा तो गप्पपणा मला अजून पटत नाही.

बोलला नाहीसच, वर काय केलंस, तर बारडोलीच्या रस्त्याला कुठेतरी तलाव उपसत होते, तिथून गाड्याच्या गाड्या काळा गाळ आणून कुरणाच्या एका कोपऱ्यात पसरलास! म्हणे, "मायला दाखवतो इथे पण काळी होते." मी ओरडून ओरडून दमले. हिरवंगार गवत खाली गाडलं गेलं. आपण खानदेशी लोक ना, काळी नाही ती जमीनच नाही, असं आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला नसता.

मग काय झालं आठवतं? पावसाळ्यात त्या कोपऱ्यात डबकं. तू हौसेनं लावलेल्या भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच कुजल्या. म्हैस घसरून पडली ती तिथेच. उन्हाळ्यात अशा भेगा पडल्या की वहिनीचा विळा आत गेला तो सापडायला अर्धा दिवस लागला. मी हसले तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. हसू नको तर काय करू? बाकीचं कुरण जवळच मजेत डोलत होतं!

तुझ्या त्या जमिनीला मी जितकं ओळखते तितकं तू कधी ओळखलंच नाहीस, जिभाऊ. तू मागावरची पाळी करून यायचास, झोपायचास. मी मात्र रोज तिच्यावर अनवाणी चालले. ओली माती मुठीत दाबली की लाडू होतो, पण बोटानं जरा टोचला की लगेच फुटतो. गावाकडची काळी वळली तर शेवेसारखी लांब वळत जाते, हिची कधी वळत नाही. चिमटीत चोळली की आधी रेती बोचते आणि मग जरा मऊ पीठ लागतं. नुसती वाळू असती तर ते पीठ कुठून आलं असतं? हे मी मायला कितीदा सांगितलं! पण माझं ऐकतो कोण?

केवढाही पाऊस पडू दे, थांबल्यावर तू चहा पिऊन जा, पायाला चिखल नाही. बाकी चाळीत गुडघाभर पाणी असायचं तेव्हा म्हशी कुठे बांधायच्या, तर कुरणात. गोचीड कमी, खुरं सडली नाहीत कधी. पहिल्या सरींनंतर आपलं गवत सगळ्यांच्या आधी वर यायचं, कारण ही माती लवकर तापते, लवकर जागी होते. शेजारचे विचारायचे, "बेन, तमे शुं नाखो छो?" मी म्हणायचे, "काही नाही टाकत, शेण टाकते!"

हो, हिचे दोषही सांगते, नाहीतर पुन्हा म्हणशील मन राखते. पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे चैत्रात गवत लवकर पिवळं पडतं. बहात्तरच्या दुष्काळात तर आधी आपलंच वाळलं. घातलेलं खतही पावसाबरोबर खाली जातं, दर वर्षी पुन्हा घालावं लागतं. आणि वरचं गवत काढून नांगर लावला तर वाऱ्यावर उडून जाईल. तिला गवतच हवं. गवत राहू दिलं की ती खूश आणि म्हशीही खूश. इतकी साधी मागणी असलेली जमीन मी दुसरी पाहिली नाही.

आता परवाचं ऐक. आपल्या भागात वीज येतेय! वीजवाल्यांनी खांबांसाठी खड्डे खणले. एक आपल्या कुरणात आणि एक रस्त्यापलीकडच्या काळ्या शेतात. खांब आलेच नाहीत, आणि रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी माणसं बादल्या घेऊन पाणी उपसायला आली. पलीकडचा खड्डा काठोकाठ भरलेला. आपल्यात वाकून बघतात तर थेंब नाही! एक जण मलाच विचारतो, "बेन, पाणी क्यां गयुं?" मी खड्ड्यात उतरले. हो, या वयात, पदर खोचून! वर वीतभर गर्द तपकिरी माती, गवताच्या मुळ्यांनी गच्च विणलेली. खाली खाली फिकट, तांबूस, रेताड. माझ्या कमरेच्या खालपर्यंत बारीक पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. कुठे चिकट थर नाही, पाणी तुंबल्याचा करडा डाग नाही, कुबट वास नाही.

तशीच मातीच्या हातानं घरी गेले आणि मायला म्हटलं, "चल." ती म्हणाली, "कोठे?" मी म्हटलं, "तुझ्या पोराच्या जमिनीत. बांधावरून नाही, आत." मला वाटलं आता खडाजंगी होणार. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि काठी शोधायला लागली. जिभाऊ, ती आली रे! माझा हात धरून बांध ओलांडला. आधी पलीकडचा भरलेला खड्डा पाहिला, मग आपला. काठावर बसून तिनं आतून मूठभर माती काढायला लावली, दाबली, फोडली, चोळली. मुळी ओढून पाहिली, तुटेना. शेतकऱ्याची बाई ती, तिला काय शिकवायचं होतं?

"मी त्याले उगाच बोलनू वं, इंदू," एवढंच म्हणाली. आणि पदर तोंडाशी धरून अशी रडली की वीजवाली माणसं घाबरून दूर जाऊन उभी राहिली. तू गेलास त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळे म्हणाले, दगड आहे म्हातारी. ती दगड नव्हती, जिभाऊ. तिला तुझी माफी मागायची होती आणि कुठे मागावी हे तिला कळत नव्हतं.

तेव्हा माझं उत्तर नीट ऐक, आणि या वेळी भिंतीकडे तोंड फिरवू नकोस. तू फसला नव्हतास. तू पारखून घेतलंस, फक्त तुझा तुझ्यावर विश्वास नव्हता.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. तुझं पान माय कुरणात वाढणार म्हणते, स्वतःच्या हातानं. मी तिला घेऊन येईन, ती चालली तर चालवत, नाही चालली तर पाठीवर घेऊन. आणि मी आहे तोवर त्या जमिनीत नांगर उतरणार नाही, हा माझा शब्द. तो मी मन राखायला देत नाही, तुला माहीत आहे.

तुझी भांडखोर बहीण,
इंदू