बावीस शर्ट आणि एक मूळ क्लास

सोमवार, ३ तारीख. सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठायचं. आज सहा वाजले, पण निश्चय काल झोपताना केला आणि गजर त्याआधीच लावून ठेवला होता. म्हणजे चूक गजराची.

ही वही फक्त माझ्यासाठी. ऱ्हस्व-दीर्घ तरीही तपासणार. शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलेलं नाही.

रात्री पुन्हा लिहितोय. संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी प्रोग्रॅमिंगमधलं इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा, शिकवलं. एक मूळ क्लास असतो, म्हणजे शिकवणी नव्हे, साचा. त्यात जे लिहिलंय ते त्याच्या पोर-क्लासला आयतं मिळतं, पुन्हा लिहावं लागत नाही. पोराला जेवढं वेगळं हवं तेवढंच लिहायचं. ऐकून अंगावर काटा आला. ज्याने हे शोधलं त्याला माझा स्वभाव माहीत असणार.

मंगळवार, ४ तारीख
उठलो ७.४० ला. कारण: विचार.

इन्हेरिटन्सचे पाच प्रकार पाठ. सिंगल: एक बाप, एक पोर. मल्टिलेव्हल: आजा, बाप, नातू, एकाखाली एक. हायरार्किकल: बाप एक, पोरं पुष्कळ. मल्टिपल: पोर एक, पण मूळ क्लास दोन. हायब्रिड: वरच्यांची खिचडी.

मल्टिपल आपण शिकतो त्या कॉम्प्युटरच्या भाषेत चालत नाही, असं सर म्हणाले. दोन्ही मूळ क्लासकडून एकाच नावाची गोष्ट आली तर पोराने कुणाची घ्यायची? मला लगेच समजलं. आई म्हणते जेवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, बाबा म्हणतात आधी दुकान उघड. सकाळ एक, हुकूम दोन. मी दारात एका पायात चप्पल घालून उभा. वर्गात हे उदाहरण दिलं. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. भारावले असावेत.

गुरुवार, ६ तारीख
आयुष्य बदललं. सविस्तर लिहितो.

आमचं शिंप्याचं दुकान. बाबा कापतात, ताई कापते, चष्मेवाले काका मशीनवर शिवतात. मी बटणं लावतो आणि काजं करतो, तात्पुरतं. (तीन वर्षं.) आज बँडमास्तर आले. त्यांच्या बँडला बावीस निळे शर्ट हवेत. २३ तारखेला बागेतल्या चौथऱ्यावर मोठा कार्यक्रम आहे.

बाबांची पद्धत अशी: प्रत्येक माणसाला समोर उभं करून माप घ्यायचं. तोच माणूस सहा महिन्यांनी आला तरी पुन्हा टेप. मी म्हणालो, हे मागासलेलं आहे. एक मूळ शर्ट करू, बाकीचे त्यातून काढू, कॉम्प्युटर प्रत्येकाची मापाची स्लिप छापून देईल. बाबांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मग जे बोलले ते शब्दशः:

"हे बावीस शर्ट नीट बसले तर काउंटर आणि ऑर्डरची वही तुझी. नाही बसले तर वर्ष संपेपर्यंत बटणं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही."

आणि या ऑर्डरमध्ये कुणी लुडबुड करायची नाही, असंही सगळ्यांना बजावलं. त्यांचा माझ्यावरचा विश्वास बघून गहिवरलो.

ऑर्डरच्या वहीवर कुठलं कव्हर घालायचं ते ठरवलं. तपकिरी.

शुक्रवार, ७ तारीख
आराखडा तयार. सगळ्यात वर 'शर्ट'. त्याखाली 'बँडशर्ट': निळा रंग, खांद्यावर पट्ट्या. त्याखाली भावंडं: 'ट्रम्पेटवाला', 'बासरीवाला', 'झांजवाला', 'ढोलवाला'. एकाच चित्रात मल्टिलेव्हलही आणि हायरार्किकलही. सरांना दाखवलं. ते म्हणाले की चित्र छान आहे, पण मूळ क्लासमध्ये जे लिहाल ते जपून लिहा, कारण ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. मी मान डोलावली. हे मला सांगावं लागत नाही, पण मोठ्या माणसांना बोलू द्यावं.

रविवार, ९ तारीख
मूळ शर्टासाठी मूळ माणूस हवा. उंच नको, बुटका नको, जाडा नको, रोडका नको. घरभर नजर फिरवली. शेवटी आरसा.

माझं माप चष्मेवाल्या काकांनी घेतलं. मी ताठ उभा राहिलो, श्वास भरून छाती जराशी पुढे. माप घेताना रुबाबात उभं राहायची पद्धतच आहे. छाती ३६ भरली. काका म्हणाले, श्वास सोड रे, टेप तुटेल. मी सोडला नाही, कारण आकडा लिहून झाला होता.

बुधवार, १२ तारीख
बँडमास्तरांना फोन केला. म्हणालो, प्रत्येकाला विचारा: मध्यम अंगाचा आहे की वेगळा? अर्ध्या तासात उत्तर आलं. बावीसच्या बावीस मध्यम.

ही बातमी इतकी चांगली होती की मी दुकानाला एक चक्कर मारून आलो. म्हणजे कुणासाठीच काही वेगळं लिहायला नको, सगळं वरून आयतं उतरणार. ताईला सांगितलं. ती म्हणाली, ढोलवाला मध्यम? त्याला मागच्या महिन्यात दारातून आडवं आत यावं लागलं होतं.

खात्री करून घेतली. बोलावून एकट्याला मोजलं. तो तोंडाने म्हणतच होता, मी मध्यमच आहे, हे जेवणानंतरचं आहे. पोटाला दहा इंच जास्त. 'ढोलवाला' क्लासमध्ये लिहिलं: अधिक दहा.

शुक्रवार, १४ तारीख. दुपारी
उद्या कापणी. नमुना म्हणून मूळ शर्ट काकांनी शिवून दिला. घालून बघितला नाही. माझंच माप आहे, घालून काय बघायचं? खुंटीला लावला. सुंदर दिसतो.

सायंकाळी ५.३०
घाईत लिहितो. ढोलवाल्याची बायको आली होती. म्हणाली, मोजताना त्यांनी पोट आत ओढलं होतं, मी ओळखते ना त्यांना, आणखी दहा तरी लागतील. क्लासची वेळ होत आली होती, म्हणून पटकन पोटाला आणखी दहा इंच घातले. कुठे? तर वरच, 'बँडशर्ट'मध्ये. वरून खाली आपोआप उतरतंच. हीच तर या पद्धतीची गंमत.

शनिवार, १५ तारीख
कापणी. ताई मोठ्या कात्रीने, मी स्लिपा वाचून दाखवायला. बावीस स्लिपा, एकही अक्षर चुकलेलं नाही.

ताईने दुसऱ्याच स्लिपेला विचारलं, बासरीवाल्याचं पोट एवढं? तिसऱ्याला पुन्हा विचारलं. मी तिला हायरार्किकल समजावलं: बाप एकच असला की भावंडं सारखी दिसणारच. ती म्हणाली, आपण दोघं दिसतो का? मी म्हणालो, अपवाद.

तिने बाबांकडे बघितलं. बाबा शपथ घेतल्यासारखे पेपर वाचत होते. मग ती म्हणाली:

"कापते तुझ्या स्लिपेप्रमाणे. पण माया मी माझ्या मनाने सोडणार."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढेमागे उसवून वाढवता येतं. मी स्पष्ट सांगितलं की स्लिपेवर माया नाही. ज्यांना आपल्या मापाची खात्री नसते ते माया सोडतात. तिने बाह्यांना दोन-दोन इंच सोडली. काउंटर हातात आला की सगळ्यात आधी हे बंद.

मंगळवार, १८ तारीख
काका शिवतायत आणि मधूनमधून गालात हसतायत. वय झालंय.

ऑर्डरच्या वहीच्या कव्हरवर नाव घातलं. माझं. सुवाच्य.

गुरुवार, २० तारीख. सकाळी ८.५०
आज बँड येणार. इस्त्रीची पॅन्ट घातली. सरांनाही बोलावलंय. बाबा, ताई, काका ओळीने उभे राहतील अशी तीन स्टुलं लावली. मग उभे राहणार तर स्टुलं कशाला, म्हणून काढली.

दुपारी १.००
काय झालं ते क्रमाने लिहितो.

पहिला बासरीवाला. तो शर्टात शिरला तो दिसेनासाच झाला. मी म्हणालो, धुतल्यावर बसेल. दुसरा बासरीवाला म्हणाला, थांब, मीही येतो, आणि त्याच शर्टात शिरला. बटणं लागली. दोघं त्या एका शर्टात दुकानभर चालून आले. ट्रम्पेटवाल्यांची पोटं शिडासारखी, बाह्या मात्र माझ्या हाताच्या मापाच्या, मनगटाच्या दोन इंच वर. झांजवाल्याने पोटात दोन्ही झांजा ठेवल्या आणि हात मोकळे करून दाखवले.

ढोलवाल्याला वरचे दहा मिळाले आणि स्वतःचे दहाही मिळाले. खरं तर त्याची बायको चुकली होती, त्याला पहिले दहाच पुरले असते. आरशासमोर तो आधी वळला आणि शर्ट नंतर. तरी त्याचं एकट्याचंच समाधान झालं. म्हणाला, पहिल्यांदाच मी बारीक दिसतोय.

बँडमास्तर हसले नाहीत. तीन दिवसांवर कार्यक्रम, एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले. मग मलाही हसू येईना.

सरांनी कोपऱ्यातून स्लिपा मागितल्या. एका बोटाने 'बँडशर्ट'वर टकटक केलं, म्हणाले, हे दहा इथे कशाला? मी म्हणालो, घाई होती. बाबांनी पेपराची घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही. टेप गळ्यात घातला आणि ताईला म्हणाले:

"एकेकाला बोलव."

शनिवार, २२ तारीख
दोन दिवस दुकानात कुणी नीट जेवलं नाही. आई डबा आणून एकेक घास भरवत होती, ताई कापता-कापता तोंड उघडायची. बावीस माणसं पुन्हा उभी राहिली. पहिले दोघे बाबांनी मोजले, मग टेप ताईला दिला; ती मोजायची आणि ऑर्डरच्या वहीत लिहायची, माझ्या तपकिरी कव्हरच्या. पोटं आत घेतली. बाह्या ताईच्या त्या मायेतून खाली सोडल्या. माया नसती तर ट्रम्पेटवाले आखूड बाह्यांनी वाजवत बसले असते. हे मी मोठ्याने म्हणालो नाही.

मी फक्त उसवलं. कुणी न सांगता.

रविवार, २३ तारीख
बागेत बावीस निळे शर्ट. सगळे बसले. ढोलवाल्याने आपला कमी करू दिला नाही.

बाबांनी टाळ्या वाजवल्या त्या ताईच्या बाजूला वळून. वहीवरचं माझं नाव मीच खोडलं, तिचं घातलं. तेही सुवाच्य.

मंगळवार, २५ तारीख
उठलो पाचला. काजं ४०. ब्र काढला नाही.

दुपारी बाबा म्हणाले, तो खुंटीवरचा शर्ट किती दिवस लटकणार, घाल की. घातला. त्यात ढोलवाल्याचे दहा नव्हते, तो सगळ्यात वरचा, शुद्ध, मूळ. माझ्याच मापाचा. छातीवर ओघळला. मी पटकन श्वास भरला तेव्हा कुठे बसला.

ताईने बघितलं. टेप घेऊन समोर आली.

"सोड श्वास."

सोडला. छाती ३४.

म्हणजे मूळ शर्टात बसणारं कुणीच नव्हतं. मीही नाही. तिने वहीत नवं पान काढलं, वर माझं नाव घातलं, खाली ३४ लिहिलं आणि पुढे: माया दोन इंच. मी विचारलं, कशाला. म्हणाली, वाढलास तर.