सतरा नंबरची पपई

४ सप्टेंबर
पपईच्या वीस रोपांना आज रोग लावला! रोगट पानाचा रस बोटावर घेऊन निरोगी पानावर हलकं चोळायचं—बस. शेजारच्या ओळीतली वीस तशीच निरोगी ठेवली, तुलनेला.

जाळीघर उकंडरावांच्या शेतात, जळगाव जामोदच्या अलीकडे. पाणी द्यायचं काम त्यांच्या बायकोकडे, मनकर्णामावशींकडे. त्या बघतच राहिल्या. "चांगल्या झाडाले रोग काऊन लावून राह्यली वो?" म्हटलं, विषाणू शिरल्यावर झाडातली कोणती जनुकं कधी जागी होतात, ते दर आठवड्याला बघायचंय. "मंग बरं करशीन ना त्याले?" नाही म्हणताना कसंसंच झालं.

११ सप्टेंबर
पानांचे तुकडे घेतले. मावशींनी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

१५ सप्टेंबर
पहिल्या आठवड्याचे आकडे आले. रोग लावलेल्या वीसही रोपांत बचावाची जनुकं जोरात! मी म्हटलंच होतं. सौमित्र सरांचं नेहमीचंच—"घाई करू नका." गाईड झाले म्हणून काय, आनंदही करू नये?

१८ सप्टेंबर
रोग लावलेल्या ओळीत पानं पिवळी, आकसलेली. पण सतरा नंबर टवटवीत! खोडाला बांधलेली नंबरची चिठ्ठी दोनदा वाचली. सतराच.

२९ सप्टेंबर
अठराच्या पानांचे आकडे आले. सतरामध्ये विषाणू शून्य, बचावाची जनुकंही शांत! बाकी एकोणीस बेजार. याची जनुकं पहिल्या आठवड्यात पेटली, काम फत्ते केलं आणि शांत झाली—दुसरा अर्थच निघत नाही. या एका झाडावर माझी पीएच.डी. उभी राहणार. सर म्हणाले, "झाड तेच आहे ना, तपासून घ्या." हसूच आलं. चिठ्ठी मी स्वतः बांधलीय! परिषदेसाठी निबंध पाठवून दिला.

१४ ऑक्टोबर
निबंध स्वीकारला! पेढे घेऊन थेट मावशींकडे. म्हटलं, तुमच्या सतरा नंबरनं नाव काढलं.

मावशी ओशाळल्या. "ते तं मेलं ना वो! तू पयल्यांदा पानं नेले अन् दोन दिसांत मान टाकली त्यानं. आम्ही ओळीत खाडा ठेवत नाही. पिशवीत त्याच्याच जोडीचं रोप उरेल होतं, ते लावलं अन् तुही चिठ्ठी बांधली त्याले. तुले वाईट वाटीन म्हून सांगतलं नाही."