घोड्यांचा ट्रेलर आणि तुझी मोठी चाकं

हार्लन,

काउंटीच्या कचेरीने आपला रस्ता मुद्दाम मरू दिलाय. तिथल्या साहेबांच्या गुरांच्या रँचकडे दर वसंतात नवी खडी पडते आणि आपल्या दारात चाकं रुततात. त्यांना जाब विचारायचा सोडून तू पिकअपला ट्रॅक्टरएवढी चाकं चढवलीस. कॅफेसमोर तुझे दोस्त मला म्हणतात, "मेव्हिस वहिनी, आता कशी मर्दाची गाडी दिसतेय." त्यांच्यातला एक तरी घोड्यांचा ट्रेलर ओढतो का?

काल घाट उतरताना मी ब्रेकवर उभी राहिले तरी त्या जड चाकांपुढे ब्रेक पुरेना, गाडी थांबेना. मागून ट्रेलर ढकलत होता. पिकअप उंच झाल्याने ट्रेलरचं तोंड वर गेलं होतं आणि आधीच्या चढावर आपली घोडी मागच्या दारावर रेलली होती. टेसा माझ्या शेजारी दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसली होती. आपली पोरगी कधी कशाला घाबरते?

म्हणून सकाळी मी जुनी चाकं परत बसवली. तुझी नवी कोठारात पडली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मोठी हवीच असतील तर एखाद्या मापाने मोठी घे, पण ओझं पेलणारी, जाड कडांच्या टायरची घे. मी टेसाला घेऊन रोडिओच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेला निघाले आहे. वाटेत काउंटीच्या कचेरीत शिरून भांडणारही आहे. लाज वाटत असेल तर मला ओळखू नकोस. शेगडीवर बीन्स आहेत.

आम्ही यायच्या आत याच कागदावर लिहून ठेव. त्या उतारावर लेकीला कुठल्या चाकांवर बसवणार आहेस?